एकाच नाकपुडीतनं पाणी टपकतंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात पावसाळ्यातल्या सर्दीवर लिहिलं होतं, त्यात एक ओळ होती की एकाच नाकपुडीतनं पाण्यासारखं पातळ, थेंब थेंब येत असेल तर सर्दी समजून बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की आजचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ओळख पटेल असे तपशील काढलेत, बाकी शब्द तुमचेच.

प्रश्न (गोव्यातला सत्तरी तालुका, वय ४६): नमस्कार डॉक्टर. काजूच्या सीझनमध्ये बिया वेचायला वाकले की उजव्या नाकातनं टप टप पाणी पडायचं. आधी वाटलं उन्हाची सर्दी. गावच्या डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या आणि स्प्रे दिला, दोन महिने घेतलं, काय फरक नाय. झोपले की पाणी घशात उतरतं, खारट लागतं, सकाळी उशी ओली. डोकं पण दुखतं आणि रात्री कानात धप धप आवाज येतो. आता म्हापशाला एका ईएनटी डॉक्टरांनी सांगितलं की हे मेंदूभोवतीचं पाणी आहे, ऑपरेशन करावं लागेल. घरात सगळे घाबरलेत, सासूबाई म्हणतात मेंदूला हात लावू देऊ नको. त्यात चवथ जवळ आली, घरचा गणपती, सगळं माझ्यावरच. चवथ झाल्यावर केलं तर चालेल ना?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नापासनं सुरू करते, नायतर बाकीचं वाचताना तुमचं सगळं लक्ष तिथेच राहील. चवथीसाठी थांबू नका. आत्ता तारीख मिळत असेल तर आत्ताच घ्या. चवथीचं काम म्हणजे घर सारवणं-पुसणं, नारळ किसायला बसणं, मोठी भांडी उचलणं, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान वाहणं, आणि वाकलं, जोर लावला, वजन उचललं की हे पाणी जास्त येतं. पण खरं कारण ते पण नाही.

मेंदू आणि मणक्याभोवती एक स्वच्छ पाणी सतत फिरत असतं, डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिली असतं आणि शरीर दिवसाला जवळजवळ ५०० मिली नवीन तयार करतं, त्यामुळे थोडं गळालं तर ते भरून निघतं, त्याची भीती नाही. भीती आहे ती ज्या भोकातनं ते गळतं त्या भोकाची. नाकाचं छप्पर म्हणजेच मेंदूच्या खालचा तळ, मध्ये पातळ हाड आणि मेंदूचं आवरण एवढंच. त्याला भोक पडलं की नाकातले जंतू, जे आपल्या सगळ्यांच्या नाकात असतात, ते थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतात आणि मेंदूज्वर म्हणजे मेनिंजायटिस होतो. हा आजार माणूस काही तासांत बेशुद्ध करू शकतो. तो आठवड्यात होईल, वर्षाने होईल की होणारच नाही हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून भोक बंद करायचं. तुमच्या पाण्यासाठी ऑपरेशन नाहीये, ते पाणी फक्त खबर देतंय.

आता निदान पक्कं आहे का ते बघून घ्या. तुम्ही लिहिलेली लक्षणं एकदम जुळतात, एकच बाजू, वाकल्यावर वाढतं, खारट चव, गोळ्यांनी ढिम्म फरक नाही. सर्दीचा शेंबूड रुमालावर वाळला की कडक होतो, हे पाणी वाळलं तरी रुमाल मऊ राहतो, पण यावरनं फक्त संशय घ्यायचा. खरी टेस्ट म्हणजे त्या पाण्याची बीटा-२ ट्रान्सफेरिन. हे प्रोटीन सीएसएफमध्ये असतं, नाकाच्या पाण्यात नसतं. स्वच्छ डबीत वाकून थोडं पाणी गोळा करायचं, एक मिली पण पुरतं. प्रत्येक लॅबमध्ये ही टेस्ट होत नाही, सॅम्पल बाहेर पाठवावं लागू शकतं, तर रिपोर्टला वेळ लागला म्हणून चिडू नका. काही ठिकाणी अजून शुगरची पट्टी बुडवून बघतात, त्यावर विश्वास ठेवू नका, अश्रू आणि शेंबडात पण साखर सापडते.

मग भोक शोधायचं. कौलारू घरात पाणी पडतं एका खोलीत आणि कौल फुटलेलं असतं भलतीकडेच, तसंच इथे होतं, पाणी उजवीकडनं आलं म्हणून भोक उजवीकडेच असेल असं नाही. म्हणून पातळ पातळ कापांचा एचआर सीटी स्कॅन करतात, त्यात हाड दिसतं, आणि एमआरआय, त्यात पाणी आणि मेंदूचा भाग खाली उतरलाय का ते दिसतं. हे दोन्ही झाल्याशिवाय कोणी ऑपरेशनला घेत असेल तर विचारा का म्हणून. त्यातनं पण नक्की जागा कळली नाही तर पाठीतनं सुई घालून औषध सोडून सीटी करतात, किंवा ऑपरेशनच्या वेळी फ्लुरेसिन नावाचा पिवळा-हिरवा रंग अगदी कमी प्रमाणात, पातळ करून, पाठीतनं सोडतात, मग जिथनं गळतं तिथे हिरवट धार दिसते. डोस जास्त झाला तर फिट येऊ शकते म्हणून प्रमाण फार सांभाळावं लागतं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की त्यांची भीती उगाच नाही. पूर्वी हे ऑपरेशन खरंच कवटी उघडून व्हायचं. १९२६ साली वॉल्टर डँडी नावाच्या अमेरिकन न्यूरोसर्जनने पहिल्यांदा असं भोक कवटी उघडून शिवलं, आणि नंतर कित्येक वर्षं तोच मार्ग होता. त्यात मेंदू थोडा बाजूला सारावा लागायचा, वास बऱ्याचदा कायमचा जायचा, हॉस्पिटलात बरेच दिवस राहावं लागायचं. १९८१ मध्ये जर्मनीच्या विगांड यांनी नाकातनं एंडोस्कोप घालून भोक बंद केल्याचं मांडलं आणि त्यानंतर हळूहळू सगळं बदललं. आज बहुतेक ठिकाणी पहिली निवड हीच. पूर्ण भूल देतात, नाकपुडीतनं ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते, स्क्रीनवर बघत बघत सर्जन नाकाच्या छपरापर्यंत पोचतो. चेहऱ्यावर टाका नाही, केस कापणं नाही. भोकाच्या कडेची नाकाची त्वचा खरवडून हाड उघडं करतात, कारण त्वचेवर ठिगळ चिकटत नाही, हाडावर चिकटतं. खालच्या बाजूने मेंदूचा थोडा भाग भोकातनं लोंबत असेल तर तो काढतात किंवा आत ढकलतात, आणि जो लोंबतो तो बहुतेकदा काम न करणारा झालेला असतो, त्यामुळे तो काढला म्हणून बुद्धीवर बोलण्यावर परिणाम होत नाही. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा.

ठिगळ तुमच्याच शरीराचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचं जाड आवरण, पोटाची किंवा कानाच्या पाळीची चरबी, नाकातलीच त्वचा, कधी हाडाचा किंवा कूर्चाचा तुकडा. लहान भोक असेल तर एक थर पुरतो, मोठं असेल किंवा आत प्रेशर जास्त असेल तर थरावर थर, एक कवटीच्या आतल्या बाजूने आणि एक बाहेरनं. मोठ्या भोकांसाठी नाकाच्या मधल्या पडद्यावरची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट उचलून फिरवून बसवतात, २००६ मध्ये अर्जेंटिनाच्या हदाद आणि बासागास्तेगी यांच्या नावाने ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि त्यामुळे मोठी भोकं पण नाकातनंच बंद व्हायला लागली, कारण त्या ठिगळाला स्वतःचा रक्तपुरवठा असतो, ते सुकत नाही. वरनं फायब्रिन ग्लू म्हणजे ठिगळ चिकटवायचा गोंद आणि नाकात पॅक, तो काही दिवसांनी काढतात. पहिल्याच ऑपरेशनमध्ये साधारण ९० टक्के किंवा त्याहून जास्त लोकांचं गळणं थांबतं, आणि उरलेल्यातल्या बऱ्याच जणांचं दुसऱ्यांदा केल्यावर. कपाळाच्या सायनसच्या अगदी बाहेरच्या टोकाला भोक असेल तर मात्र बाहेरनं जावं लागू शकतं.

ताई, एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्हाला मार लागलेला नाही, आधी ऑपरेशन नाही, तरी आपोआप भोक पडलंय. मधल्या वयाच्या, वजन वाढलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं आणि त्याच्यामागे बऱ्याचदा डोक्याच्या आतलं प्रेशर वाढलेलं असतं. डोकेदुखी आणि कानात नाडीसारखा धप धप आवाज ही त्याचीच खूण असू शकते. अशा वेळी भोकातनं पाणी गळून प्रेशर थोडं कमी राहिलेलं असतं, भोक बंद केलं की ते परत चढतं, आणि प्रेशरचा इलाज केला नाही तर ठिगळ सुटतं किंवा दुसरीकडे नवीन भोक पडतं, डोळ्याच्या नसेला पण धोका. म्हणून ऑपरेशनच्या आधी डोळ्याच्या डॉक्टरकडनं डोळ्याचा पडदा तपासून घ्या, आणि नंतर प्रेशर मोजणार का, प्रेशर कमी करणारी असेटाझोलामाइडची गोळी लागणार का, हे तुमच्या सर्जनला स्पष्ट विचारा. वजन कमी करणं हा इथे खरोखरचा उपचार आहे, कोणी तुम्हाला टोमणा म्हणून सांगत नाहीये. गोळीने भागलं नाही तर पाणी पोटात वळवणारी शंटची नळी घालतात, पण ती थोड्यांनाच लागते.

चवथीला यंदा जावेला, नणंदेला पुढे करा. गणपती समजून घेईल.

प्रश्न (बार्देश): माझ्या धाकट्या भावाचा हायवेवर स्कूटरवरनं अपघात झाला, हेल्मेट नव्हतं. नाकातनं रक्त मिसळलेलं पाणी येतंय. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ॲडमिट आहे. डॉक्टर म्हणतात सध्या ऑपरेशन नको, थांबून बघू. आम्हाला वाटतं ते टाळाटाळ करतायत. प्रायव्हेटला हलवू का?

उत्तर: नका हलवू. डॉक्टर बरोबर करतायत आणि मला माहीत आहे की बाहेर बाकावर बसून थांबणं हे सगळ्यात कठीण काम असतं. अपघातात कवटीच्या तळाला चीर जाऊन जे गळणं सुरू होतं ते बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसात आपोआप थांबतं, जखम आपली आपण भरते. तोवर डोक्याकडची बाजू ३० अंश वर ठेवून पडून राहायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, संडासला जोर लागू नये म्हणून औषध, खोकला दाबायचं औषध. नाकात कापूस कोंबू नका, कुणी मायेने कोंबत असेल तर हात धरा, पाणी बाहेर पडू दे, कोंडलं तर जंतूंना बरंच. कधी कधी पाठीत बारीक नळी घालून काही दिवस पाणी थोडं थोडं काढतात म्हणजे भोकावरचा दाब कमी होतो. आणि अँटिबायोटिक का चालू नाही असं विचारू नका, सगळ्यांना सरसकट दिल्याने मेंदूज्वर टळतो याला भक्कम पुरावा नाही.

ऑपरेशन कधी? दहा-बारा दिवसांनी पण थांबलं नाही तर, हाड मोठं तुटून मेंदू खाली आला असेल तर, कवटीत हवा वाढत चालली असेल तर, किंवा इतर कारणाने डोकं उघडावंच लागणार असेल तर तेव्हाच. गोमेकॉत ईएनटी आणि न्यूरोसर्जरी दोन्ही आहेत, दोघांनी एकत्र बघणं हेच अशा पेशंटला हवं असतं.

आणि हे लिहून ठेवा. पाणी थांबून भाऊ घरी आला तरी गोष्ट संपली असं नाही. कधी सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी गळणं परत सुरू होतं, आणि वरवर भरलेल्या चिरेतनं वर्षांनी पण मेंदूज्वर झालेले पेशंट असतात. पुढे कधीही ताप, मान आखडणं, सहन न होणारी डोकेदुखी, उलट्या, उजेड नको वाटणं, बडबड किंवा गुंगी असं काही झालं तर फॅमिली डॉक्टरची वेळ बघत बसू नका, सरळ १०८ बोलवा आणि पहिल्या वाक्यात सांगा की याला कवटीच्या तळाला फ्रॅक्चर होतं. न्यूमोकोकस या मेंदूज्वर करणाऱ्या जंतूवरची लस पण विचारा, असं गळणं असलेल्यांना ती घ्यायला सांगतात. बरा झाला की हेल्मेट तुम्ही स्वतः त्याच्या डोक्यावर घाला, किती चिडला तरी.

प्रश्न (काणकोण): बाबांना तीन वर्षात दोनदा मेंदूज्वर झाला. दोन्ही वेळा वाचले. नाकातनं पाणी वगैरे काय येत नाही. परत होणार का?

उत्तर: पुन्हा होऊ शकतो, आणि दोनदा झाला याचाच अर्थ कारण शोधायला हवं. मोठ्या माणसाला पुन्हा पुन्हा जंतूंचा मेंदूज्वर होत असेल तर कवटीत कुठेतरी वाट आहे का ते बघावंच लागतं, पाणी दिसलं नाही तरी, कारण ते झोपेत घशात जाऊन गिळलं जातं आणि माणसाला पत्ता नसतो. लहानपणी झाडावरनं पडले होते का, कधी नाकाचं, कानाचं ऑपरेशन झालं होतं का, ते विचारा, वीस-तीस वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगा. कानाच्या हाडातनं पण गळू शकतं आणि ते कानातनं बाहेर न येता आतल्या नळीने नाकामागे उतरतं. तर नाक, सायनस आणि कान तिन्हीचा एचआर सीटी, सोबत एमआरआय. भोक सापडलं तर ते बंद करणं हाच इलाज आहे, दर वेळी अँटिबायोटिकवर वाचू अशी आशा धरणं धोक्याचं आहे. कृपा करून हे या महिन्यातच करा.

प्रश्न (फोंडा): सायनसमधले मोड (पॉलिप) काढायचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, आता एका बाजूने पाणी. डॉक्टरांनी चूक केली का? दुसरीकडे जाऊ का?

उत्तर: ही त्या ऑपरेशनची माहीत असलेली गुंतागुंत आहे, कमी वेळा होते पण चांगल्या हातून पण होते. दोन डोळ्यांच्या मधल्या सायनसचं छप्पर, विशेषतः वास घेणाऱ्या नसांच्या बाजूची हाडाची भिंत, कवटीच्या तळातलं सगळ्यात पातळ हाड आहे, मिलिमीटरच्या अंशाएवढं, आणि मोडांनी आधीच झिजलेलं असतं. ऑपरेशन चालू असतानाच लक्षात आलं तर तिथल्या तिथे ठिगळ लावतात आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. तुमचं नंतर कळलंय, तर आधी त्याच डॉक्टरांकडे जा, त्यांना जागा नेमकी माहीत आहे. ते हे ठिगळाचं काम नेहमी करतात का असं सरळ विचारा, यात अपमान काही नाही, आणि करत नसतील तर त्यांच्याचकडनं चिठ्ठी घेऊन ते करणाऱ्याकडे जा. ऑपरेशनचे सगळे कागद आणि आधीचा सीटी सोबत न्या.

प्रश्न (मडगाव): कोविडच्या वेळी नाकात ती काडी घातली होती त्याने असं होतं का? मुलीच्या नाकात तेव्हापासनं पाणी येतं.

उत्तर: २०२० मध्ये अमेरिकेत अशी एक केस छापून आली होती, पण त्या बाईच्या नाकात मेंदूच्या आवरणाची पिशवी आधीपासनंच खाली उतरलेली होती आणि काडी तिला लागली. निरोगी नाकात असं होणं फारच विरळ. मुलीचं पाणी दोन्ही बाजूंनी आणि शिंकांसोबत असेल तर ॲलर्जीच समजा, एकाच बाजूने असेल तर दाखवा. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीत मोडासारखं काही दिसलं तर स्कॅन झाल्याशिवाय कुणालाही ते कापू देऊ नका, मोड समजून कापलेली ती पिशवी असू शकते.

प्रश्न (डिचोली): खर्च किती आणि सरकारी कार्ड चालतं का?

उत्तर: गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलं असेल तर तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ॲडमिट होण्याआधी काउंटरवर जाऊन तुमचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं, पाठीचा ड्रेन (पाणी काढायची नळी), ग्लू आणि एमआरआय त्यात धरलाय का, हे विचारून घ्या. कार्ड रिन्यू केलंय का तेही आजच बघा.

प्रश्न (वास्को): माझा नवरा ग्रँड आयलंडला टुरिस्टांना स्कुबा डायव्हिंगला घेऊन जातो. महिन्यापूर्वी त्याचं हे नाकातलं ऑपरेशन झालं. पाणी थांबलंय. तो म्हणतो मी बरा आहे, ऑक्टोबरला सीझन सुरू झाला की पाण्यात उतरणार. सकाळी कपालभाती आणि जलनेती पण सुरू करतो म्हणतो. दुबईला भावाकडे जायचं तिकीट पण काढलंय. वास मात्र येत नाही त्याला अजून.

उत्तर: बाई, त्याला हे वाचून दाखवा आणि शेजारी बसून दाखवा. बाहेरनं बरं वाटणं आणि आत ठिगळ पक्कं होणं यात बराच काळ जातो. पहिले चार ते सहा आठवडे तर नाक शिंकरणं, वाकणं, वजन उचलणं, जोर लावणं सगळं बंदच, खाण्यात पेज, भाज्या, फळं, म्हणजे पोट साफ राहील. कपालभाती म्हणजे नाकातनं जोराने हवा फेकणं, ते आत्ता अजिबात नको, शीर्षासन सर्वांगासन पण नको. जलनेती स्वतःच्या मनाने नको, नाक धुवायचं कधी आणि कशाने ते सर्जन सांगेल, आणि तेव्हा पाणी उकळून थंड केलेलंच. झोपेत घोरणं थांबवायचं मशीन कुणी वापरत असेल तर ते पण विचारल्याशिवाय लावायचं नाही, ते हवा वर ढकलतं.

विमानात केबिनचं प्रेशर बदलतं, कवटीत थोडी हवा उरली असेल तर ती फुगते. तिकीट पुढे ढकला, आणि सर्जनने दुर्बिणीतनं बघून, लागला तर स्कॅन करून हो म्हटल्यावरच जा. डायव्हिंगचं तर मी स्पष्टच लिहिते. खाली दहा मीटर गेलं की दाब दुप्पट होतो, डायव्हर नाक धरून कान मोकळे करायला जोर लावतो तो दाब सरळ त्या ठिगळावर जातो, आणि समुद्राचं पाणी आत शिरायला वाट मिळाली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. हा सीझन त्याने सोडावा. पुढच्या सीझनला पण उतरायचं की नाही ते सर्जन आणि डायव्हिंगची तपासणी करणारा डॉक्टर दोघांनी मिळून ठरवावं, आणि नाही म्हणाले तर बोटीवरचं, बुकिंगचं, नवीन मुलांना किनाऱ्यावर शिकवायचं काम त्याच धंद्यात आहे. पोटापाण्याचा प्रश्न आहे हे मला कळतं म्हणूनच इतकं लिहितेय, त्याच्या मालकाला दाखवायला सर्जनकडनं लेखी सर्टिफिकेट घ्या.

वासाचं सांगायचं तर ठिगळ नक्की कुठे लावलं त्यावर आहे. वासाच्या नसा नाकाच्या छपरातल्या चाळणीसारख्या हाडातनं खाली येतात, भोक तिथेच असेल तर त्या बाजूचा वास कमी होऊ शकतो, दुसरी बाजू चांगली असेल तर एकूण फारसं जाणवत नाही. अपघाताने झालं असेल तर नसा तेव्हाच तुटलेल्या असू शकतात. पण महिनाभरात नाकात खपल्या आणि सूज असते, त्यानेही वास अडतो, तेव्हा आत्ताच निराश होऊ नका. तोवर घरात गॅसकडे तुम्ही लक्ष ठेवा, सिलेंडरचा वास त्याला कळणार नाही, आणि शिळं नुस्तं (मासे) त्याला एकट्याला गरम करून खाऊ देऊ नका.